गडूतली काशी

नदीच्या वळणावर एक गाव होते आणि त्या गावात लिंबाजी नावाचा एक तांबट राहत असे. हंडे, कळश्या, घंगाळी, ताम्हने अशी सगळी भांडी तो घडवी. पण पंचक्रोशीत त्याचे नाव होते ते गडूंसाठी. गावातून कोणीही काशीला निघाले, की आधी लिंबाजीच्या दुकानात येई आणि गंगेचे पाणी आणण्यासाठी तांब्याचा एक लहान गडू घेऊन जाई. काशीत तो गडू भरायचा, तिथल्या कारागिराकडून वितळलेल्या कथलाचा डाक लावून त्याचे तोंड बंद करून घ्यायचे आणि घरी परतल्यावर मावंद्याच्या दिवशी, म्हणजे काशी करून आल्याबद्दल गावाला जेवण घालायच्या दिवशी, तो लिंबाजीकडून उघडून घ्यायचा, अशी तिथली रीत होती.

लिंबाजीच्या दुकानाचा एक नियम होता. भांडे तयार झाले, की तो ते गिऱ्हाइकाच्या हातात देई आणि म्हणे, "बाई, आपल्या हातानं वाजवून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका."

भांडे चांगले असेल तर बोटाच्या टिचकीने खणकन वाजते. कुठे बारीकशी चीर असेल तर बद्द बोलते. एखादी भिडस्त बाई म्हणे, "तुम्हीच वाजवा की, लिंबाजीबाबा. तुम्हाला कळतं त्यातलं."

"पाणी तुम्ही भरणार, बाई, मी नव्हे," असे म्हणून तो भांडे पुन्हा तिच्याच पुढे करी.

दुकानाबाहेर मात्र त्याची तऱ्हा वेगळी होती. घरातला कुठलाही लहानमोठा बेत निघाला, की त्याचे ठरलेले उत्तर असे, "आधी बघून येतो." मुलीला स्थळ आले, आधी बघून येतो. शेजारच्या गावी जत्रा भरली, आधी बघून येतो. तो खरोखर जाई, बघे, मनाशी तोलून पाही आणि मग काय ते घरात सांगे. बहुतेक वेळा त्याचा अंदाज खराही ठरे. त्यामुळे ती सवय आणखी पक्की झाली होती. गावातली टवाळ माणसे म्हणत, "यम न्यायला आला ना, तरी लिंबाजी म्हणेल, थांब बाबा, आधी स्वर्ग बघून येतो."

त्याच्या बायकोचे नाव अनसा. तिने जन्मभर भट्टीचा भाता ओढला होता. नवरा ठोके घालायचा, ती वारा द्यायची. बसून बसून तिचे गुडघे धरले होते आणि धुराने छाती कमजोर झाली होती, पण तोंडाने ती कधी कुरकुरली नाही.

गडू उघडायला लोक आले, की लिंबाजी त्यांना बसवून घेई. भट्टीवर डाक वितळेपर्यंत गप्पा होत. अनसा भात्यापाशी बसून ऐके आणि शेवटी दर वेळी एकच प्रश्न विचारी, "पाणी थंड असतं का हो?"

"लई थंड," कोणी म्हणे. "इतकं काही नाही," दुसरा म्हणे. तिसऱ्याला आठवतच नसे. अनसा मान हलवी आणि पुन्हा भाता ओढू लागे.

पुढे थोरल्या मुलाने ऐरण हाती घेतली. सून भात्यावर बसू लागली. तेव्हा अनसा एकदा म्हणाली, "अहो, आता आपण काशीला जाऊ. धावतपळत चार दिवसांचं नको. दिवाळी झाली की निघू आणि शिमग्याला परत येऊ. रोज गंगेत बुडी मारायची. एवढं एकच मनात आहे माझ्या."

लिंबाजी नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, "जाऊ की. पण एवढे दिवस राहण्याजोगी आहे का काशी, ते आधी बघायला हवं."

आता काशी काही शेजारचे गाव नव्हे, की सकाळी जाऊन संध्याकाळी बघून यावे. म्हणून गडू उघडायला येईल त्याला लिंबाजी खोदून खोदून विचारू लागला.

वाणी म्हणाला, "काशी? अहो, देवापुढं उभा राहिलो तेव्हा माझे पाय जमिनीला नव्हते. गर्दीनंच आत नेलं आणि गर्दीनंच बाहेर काढलं. देव दिसला तो लोकांच्या काखेतनं."

पाटलाची आई म्हणाली, "गल्ल्या अशा अरुंद, की समोरून सांड आला तर भिंतीला चिकटायचं आणि तो म्हणेल तेव्हा सुटायचं. पण मन रमतं हो तिथं."

एक विधवा बाई वर्षभर राहून आली होती. ती म्हणाली, "तिथं एकटं वाटत नाही, बाबा. गर्दी आहे म्हणूनच वाटत नाही."

लिंबाजीने हे सगळे मनात साठवले. एका पारड्यात सांड, दुसऱ्यात रमलेले मन. काटा कधी इकडे झुके, कधी तिकडे. असे करता करता दिवाळ्या येत गेल्या आणि शिमगे जात राहिले. इतरांचे गडू भरून आले, उघडले गेले, मावंदी झाली. लिंबाजीच्या हातून किती घरांत गंगा पोचली, याला गणती नव्हती. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र फळीवर एक रिकामा गडू तसाच पडून होता.

एका सकाळी अनसा उंबरा ओलांडताना थांबली, चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, माझे गुडघे काही तुमच्यासाठी थांबायचे नाहीत."

एवढेच म्हणाली. पण लिंबाजीला ते लागले. दिवाळीचे फटाके विझायच्या आत त्याने बोचकी बांधली, फळीवरचा गडू घेतला आणि दोघे आगगाडीत बसले.

काशीत त्यांना उमाकाकूंच्या घरी जागा मिळाली. उमाकाकू आपल्याच मुलखातल्या. नवऱ्यामागे त्या काशीत येऊन राहिल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मराठी माणसांना माडीवरच्या खोल्या देत. बोलायला फटकळ, पण मनाने मऊ.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली. स्टेशनावरून येताना गल्लीत मोठा लोंढा आला. लिंबाजीने अनसाचा हात घट्ट धरला होता, तरी तो सुटला. क्षणभरच. पण त्या क्षणात अनसा दिसेनाशी झाली. सगळीकडे नुसती डोकी. लिंबाजी टाचा उंचावून तिला हाका मारू लागला. लोंढा पुढे सरकला तेव्हा ती एका दुकानाच्या पायरीला धरून उभी होती, पदर सावरत, आणि चक्क हसत होती.

लिंबाजीला मात्र हसू आले नाही. त्याने मनाशी पक्के केले, की या गावात हिला अशी सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली तशी अनसा धूतवस्त्र काढून तयार होऊन बसली. लिंबाजी म्हणाला, "थांब जरा. आधी मी घाट बघून येतो."

तो गेला. घाटावर मुंगी शिरायला वाव नव्हता. त्याने कशीबशी बुडी मारली, गडू भरला आणि परतला. "आज नको," तो म्हणाला. "कसलासा सण आहे. पायऱ्या दिसत नाहीत माणसांनी. हे पाणी आणलंय, यानं अंघोळ कर. गंगाच ती."

अनसाने गडूतले पाणी बादलीत ओतले आणि अंघोळ केली.

पुढच्या दिवशी दूरच्या मुलखातला मोठा संघ उतरला होता. आज नको. त्याच्या पुढच्या दिवशी पायऱ्यांवर शेवाळे होते. आज नको. एकदा धुके होते, एकदा कोणा मोठ्या मठाची मिरवणूक होती. लिंबाजी रोज जाई, रोज बघून येई आणि रोज गडू भरून आणी. येताना तिच्यासाठी गरम जिलबी आणी, देवळातले फूल आणी, आणि गर्दीत काय काय पाहिले ते रंगवून सांगे. आपण बायकोला फुलासारखे जपतो आहोत, असे त्याला मनापासून वाटे. ते खोटेही नव्हते.

अनसा माडीवरच्या खिडकीशी बसे. खिडकीतून समोरची भिंत दिसे आणि भिंतीवरून उड्या मारणारी माकडे. घंटांचे आवाज येत. गंगा दिसत नसे.

उमाकाकू एकदा वर आल्या नि म्हणाल्या, "काय गं, काशीला आलीस की माकडं मोजायला?"

"ते बघून येतात ना रोज," अनसा म्हणाली.

"तो बघतो, पण बुडी तुझी राहते त्याचं काय? माझ्या घरात लोक येतात, गर्दीला शिव्या देतात आणि पुन्हा त्याच गर्दीत शिरतात. खोलीत बसून काशी केलेली तूच पहिली."

 काकूंनी जाताना कोपऱ्यात बसलेल्या लिंबाजीकडे असे काही पाहिले, की त्याने उगीचच गडू पुसायला घेतला.

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली तशी गर्दी आणखी वाढली. लिंबाजीने पुन्हा मनातली तागडी हातात घेतली. गल्लीत रेटारेटी, घाटावर धूर, हिचे गुडघे, हिची छाती. या वेळी काटा स्पष्ट झुकला. त्या दुपारी तो अनसाजवळ बसला आणि जड आवाजात म्हणाला, "मी सगळं बघितलं. शिमग्यापर्यंत राहण्याजोगी नाही काशी. आपल्याला मानवायची नाही. परवाची गाडी धरू."

अनसाने मान हलवली आणि बोचके बांधायला घेतले. लुगडी घडी करता करता ती म्हणाली, "एक राहिलं. काशीत येऊन आवडीचं काही सोडायचं असतं. तुम्ही काय सोडणार?"

लिंबाजीला हायसे वाटले. विषय सोपा होता. तो म्हणाला, "मी कारलं सोडतो."

"कारलं तुम्ही तोंडात कधी घातलंत?"

"मग पडवळ सोडतो."

"पडवळ बघून तुम्ही पानावरनं उठता."

लिंबाजी हसला. गावातली सगळी पुरुषमाणसे काशीत असेच काहीतरी सोडून येत आणि घरोघरी बायका त्यांची थट्टा करत. तो म्हणाला, "बरं, तू सांग. तू काय सोडणार?"

अनसाची घडी अर्धीच राहिली. "मी काय सोडू आता? आल्यापासून मी काशीच सोडून बसलेय."

 कोपऱ्यात सकाळचा गडू होता. थोडे पाणी त्यात उरले होते. अनसाने तो उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"यात बोट घाला."

त्याने घातले.

"थंड आहे?"

"नाही. कोमट आहे. इतका वेळ झाला..."

"रोज कोमटच असतं. गल्ल्यांतनं तुम्ही छातीशी धरून आणेपर्यंत तापतं. मी भात्यापाशी बसून सगळ्या गावाला विचारलं, पाणी थंड असतं का. तुम्ही रोज त्यात बुडी मारून आलात. मला एकदा तरी सांगितलंत?"

लिंबाजीला आठवेना. घाटावर त्याने माणसे पाहिली होती, पायऱ्या पाहिल्या होत्या, शेवाळे पाहिले होते. पाणी थंड होते की नव्हते, त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

"जन्मभर दुकानात बसून गिऱ्हाइकाला सांगत आलात," अनसा हळू आवाजात म्हणाली, "बाई, आपल्या हातानं वाजवून घ्या. परक्या बाईच्या हातात भांडं दिलंत. माझ्या हातात काशी तेवढी दिली नाहीत."

लिंबाजीने गडू खाली ठेवला. त्याच्या बोटाचा धक्का लागून तो खणकन वाजला. भांड्यात कुठे चीर नव्हती. चीर कुठे होती, ते त्याला त्या क्षणी कळले.

तो अनसाकडे वळला. मग म्हणाला, "तुझा हात सुटला ना गं त्या दिवशी. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही."

"ठाऊक आहे मला," अनसा म्हणाली. "म्हणूनच इतके दिवस गप्प राहिले."

"मग माझं ठरलं," लिंबाजी म्हणाला. "कारलं नको नि पडवळ नको. मी 'बघून येतो' हे सोडलं. इथंच सोडलं."

अनसा हसली. "ते मात्र तुमच्या आवडीचं होतं खरं."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघे निघाले. उमाकाकू दारात वाटच बघत होत्या. "हात धरून काय चालता? हात सुटतात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लिंबाजीच्या उपरण्याचे टोक अनसाच्या पदराला बांधून पक्की गाठ मारली. "नवरा-बायकोनं गंगेत अशीच बुडी मारायची असते. आता ओढली गेलात तर दोघं ओढली जाल."

घाटावर गर्दी होती तेवढीच होती. जरा जास्तच होती. 'आज नको' लिंबाजीच्या ओठांवर आले, पण त्याने ते गिळले. अनसा एक पायरी उतरे, थांबे, श्वास घेई. मागून रेटा आला तेव्हा ती डगमगली. तोच कुठल्याशा दूरच्या मुलखातल्या दोन बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी सावरले. त्यांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना येत नव्हती. त्यांनी आपल्या कोपरांनी जागा केली, तिला पाण्यापर्यंत नेले आणि लोंढ्यात दिसेनाशा झाल्या. अशा गर्दीत असेही हात असतात, हे लिंबाजीने इतक्या दिवसांत एकदाही पाहिले नव्हते. तो गर्दी मोजण्यात गुंतला होता.

अनसाने पाण्यात पाय टाकला. मग दुसरा. मग ती गळ्याइतक्या पाण्यात गेली, तिने नाक धरले आणि बुडी मारली. गाठीने बांधलेला लिंबाजीही तिच्याबरोबर खाली गेला.

वर येताच ती मोठ्याने ओरडली, "अहो, थंड आहे! केवढं थंड आहे हो!"

आसपासचे लोक वळून पाहू लागले. म्हातारी बाई दात वाजवत हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यातले गंगेचे कुठले आणि तिचे कुठले, ते ओळखणे अवघड होते.

परतीची गाडी त्यांनी चुकू दिली. अनसा रोज घाटावर गेली. गल्ल्यांतून हिंडली, सांड आला तेव्हा भिंतीला चिकटली, एका देवळात रेट्यात बांगडी फुटली तेव्हा हळहळली. लिंबाजी बरोबर असे. काय बरे, काय वाईट, तो सांगत नसे. फक्त गाठ घट्ट आहे ना, एवढे पाही.

पौर्णिमा होऊन काही दिवस गेले. एका संध्याकाळी पायरीवर बसून अनसा म्हणाली, "चला, आता घरी जाऊ. शिमग्यापर्यंत राहणं काही माझ्यानं व्हायचं नाही. पायऱ्या उतरताना गुडघे रडतात, आणि घाटावरचा धूर छातीला सोसत नाही. गर्दी तर तुम्ही सांगत होतात तेवढी आहेच."

लिंबाजी चकित झाला. "अगं, मीही तेच म्हणत होतो की!"

"म्हणत होतात," अनसा म्हणाली. "पण ते तुमचं होतं. हे माझं आहे. तेव्हा निघाले असते तर उपाशी निघाले असते. आता पोट भरून पानावरनं उठतेय."

निघायच्या सकाळी रिकामा गडू तिने टिचकीने वाजवून पाहिला आणि स्वतः भरला. डाक लागून तोंड बंद झाले, मगच बोचक्यात ठेवला.

गावी परतल्यावर मावंदे झाले. दुसऱ्याच दिवशी केरबा सुतार लिंबाजीच्या दुकानात आला. त्याच्या घरी म्हातारी आई होती.

"लिंबाजीबाबा," केरबा म्हणाला, "आईला घेऊन तीन-चार महिने काशीला राहावं म्हणतो. तुम्ही तर राहून आलात. गर्दी फार असते म्हणतात. म्हातारीला मानवेल का?"

दुकानात बसलेली माणसे सरसावून बसली. लिंबाजी आता सगळे तोलून मापून सांगणार, हे त्यांना ठाऊक होते. पण लिंबाजीने उलट विचारले, "आईला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? थकलीय ती. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. नाहीतर आधी मी एकटा जाऊन बघून येतो."

लिंबाजी उठला. त्याने फळीवरून एक नवा गडू काढला आणि केरबाच्या हातात ठेवला.

"हा घरी ने आणि आईच्या हातात दे. मी ऐकलेलं, पाहिलेलं सगळं येऊन तिच्यापुढं सांगतो, चांगलं आणि वाईट. मग जायचं की नाही, राहायचं तर किती दिवस, ते ती सांगेल. आणि गेलात, तर पहिल्या दिवशीच तिला घाटावर ने. गाठ बांधून ने, पण ने. खोलीत बसवून तिची काशी तू करू नकोस. बुडी तिला मारायची आहे, बाबा, तुला नव्हे."

केरबा गडू घेऊन वळला. तेवढ्यात भात्याजवळून अनसाचा आवाज आला.

"आणि केरबा, आईला सांग हो. पाणी थंड असतं!"

तात्पर्य: ज्या जागी ज्याला राहायचे, तिथली पारख त्याची त्यालाच करू द्यावी. मायेपोटी केलेला निवाडाही परस्पर केला, तर तो खरा असूनही अन्यायाचा ठरतो.